गाडीच्या पोटाखाली

आमच्या लेआउटमध्ये जॅकला वर्षातून एकदाच उजेड दिसतो, खंडेनवमीला. डिकीतली चटई उचलून, स्टेपनी बाजूला करून त्याला बाहेर काढतात, फडक्यानं पुसतात आणि पोर्चमध्ये पाटावर पाना, पक्कड, पेचकस यांच्या रांगेत बसवतात. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, उदबत्ती. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झालं की स्वारी परत डिकीत. मध्ये कुठे टायर बसलाच तर पंक्चरवाल्याला फोन जातो आणि तो स्वतःचा जॅक घेऊन येतो.

पूजेला माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती याच कैचीच्या जॅकवर गाडी चढवून तिच्या पोटाखाली शिरणाऱ्यांना. असे लोक माझ्या डोळ्यांदेखत वाढले आहेत. मोबाइलवर एखादा व्हिडिओ पाहिला की ब्रेक पॅड घरी बदलता येतात असं कळतं, आणि ते खोटंही नाही. चाक काढायचं, पॅड धरणाऱ्या कॅलिपरचा बोल्ट सोडायचा, पिस्टन मागे ढकलायचा, जुने पॅड काढून नवे बसवायचे. एवढंच काम. पण त्या व्हिडिओत सारा वेळ पॅडवर जातो आणि गाडी उचलण्याचा भाग पटकन उरकलेला असतो, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. माझ्या मते प्रमाण उलटं हवं. पॅड नीट बसला नाही तर तो करकर करून, किंचाळून सांगतो. जॅकवरून घसरणारी गाडी काही सांगत बसत नाही.

मी ही कामं घरी करतो ती पैसे वाचवायला नव्हे. वाचतात ते थोडेच, आणि हत्यारं विकत घेण्यात तेही जातात. आवडतं म्हणून करतो. मे महिन्यात सकाळी सात वाजायच्या आत आटोपावं लागतं, नंतर पान्याला हात लावता येत नाही. आईला हा सगळा उद्योग मुळीच पसंत नाही. "मिस्त्री मेले का रे सारे गावातले?" एवढंच ती विचारते आणि पोर्चच्या पायरीवर खुर्ची टाकून भाजी निवडायला बसते. आधी मला वाटायचं ती राग दाखवायला बसते. ती लक्ष ठेवायला बसते. गाडीखाली काम करताना घरात दुसरं माणूस जागं आणि हाकेच्या अंतरावर असणं हा सुरक्षेचा भाग आहे, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मला शिकवलं ते शेजारच्या काकांनी. काका नागपूरच्या मोतीबाग रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले. हा कारखाना १८७९ सालचा, छोट्या लाईनची इंजिनं आणि डबे दुरुस्त करणारा. अडीच फुटी रुळांवरून सातपुड्यात आणि झाडीपट्टीत फिरणारा सगळा पसारा इथे येऊन उघडला जायचा. २०१९ च्या शेवटी नागभीडची छोटी लाईनही ब्रॉडगेजसाठी बंद झाली. कडबी चौकाकडून गेलात तर मोतीबागला २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तिथे ती छोटी इंजिनं रंगवून उभी केलेली दिसतील. पोरं त्यांच्यावर चढून फोटो काढतात. काका तिथे गेले की इंजिनाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, खाली वाकून बुडाकडे बघतात.

डबा चाकांवरून उचलून त्याची बोगी, म्हणजे चाकांची चौकट, खालून ओढून काढायची, हे त्यांचं रोजचं काम. त्या कामाची रीत ते सांगतात ती अशी: जॅक थोडा चढवला की लगेच खाली लाकूड भरायचं. परत थोडा चढवला, परत लाकूड. डबा पुरेसा वर गेला की तो घोडीवर, म्हणजे पक्क्या टेकूवर, बसवायचा आणि जॅकला मोकळं करायचं. नुसत्या जॅकवर तोललेल्या डब्याखाली जो हात घालेल त्याला फोरमन त्या दिवशी घरी पाठवायचा.

"उचलाचं काम जॅकचं, बाबू," काका म्हणतात. "धरून ठेवाचं काम त्याचं नोहे."

ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटते. पण घरी गाडी उचलणारे बहुतेक जण ही दोन कामं एकच समजतात. गाडी वर गेली म्हणजे वर राहिली, असा त्यांचा हिशेब असतो. जॅकवर 'दोन टन' असं कोरलेलं असतं, गाडी टनभराचीही नसते, मग भीती कशाची? आकड्यांकडे पाहिलं तर हे बरोबरच आहे. छोट्या हॅचबॅकचं वजन आठ-नऊशे किलो, त्यातलं साठ टक्क्यांच्या आसपास पुढच्या चाकांवर, म्हणजे पुढच्या एका चाकाच्या वाट्याला साधारण अडीचशे किलो. दोन टनांचा जॅक हे हसत हसत पेलतो. गाडी पडते ती जॅकला वजन झेपत नाही म्हणून क्वचितच. पडते ती सरकल्यामुळे. आणि सरकण्याबद्दल तो कोरलेला आकडा एक अक्षर बोलत नाही. शिवाय यंत्रानं आकडा दाखवला म्हणजे तो खराच, असं नागपूरकरानं तरी मानू नये. ३० मे २०२४ ला इथल्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं. देशभर बातम्या झाल्या, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. गावाचा खरा उच्चांक ४७.९ चा, २३ मे २०१३ चा. तोही काही कमी नाही म्हणा.

जॅकचे ढोबळ दोन वंश, आणि दोघांचे दोष अगदी वेगळे. डिकीतला असतो तो कैचीचा, स्क्रूवर चालणारा. स्क्रूच्या आट्यांमधलं घर्षणच त्याला अडवून धरतं, त्यामुळे तो आपोआप खाली बसत नाही. पण त्याचं बूड तळहाताएवढं. जसजसा उंच होतो तसतसा तो लटपटा होतो, आणि गंमत म्हणजे तसतसा फिरवायलाही हलका होतो. सुरुवातीला, कैचीचे हात जवळजवळ आडवे असताना, सगळ्यात जास्त जोर लागतो. पुढे हँडल सहज फिरायला लागतं, आपल्याला वाटतं आता जमलं, आणि नेमका तेव्हाच तो सगळ्यात कमी भरवशाचा असतो.

दुसरा वंश तेलाचा. बॉटल जॅक असो की चाकांचा ट्रॉली जॅक, तत्त्व पास्कलचं: बंदिस्त द्रवावर टाकलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. छोट्या पिस्टनवर माणसाचा हात, मोठ्या पिस्टनवर मोटार. जोसेफ ब्रामानं १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं, आणि ते यंत्र प्रत्यक्ष कामात उतरायला अडचण आली ती एकाच जागी, पिस्टनच्या कडेनं पाणी निसटायचं. त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लीनं चामड्याची वाटीच्या आकाराची वळी बसवली. दाब वाढला की तीच आणखी घट्ट दाबली जाणारी. तेव्हा कुठे ते यंत्र चाललं. सव्वादोनशे वर्षांत चामड्याच्या जागी रबर आलं, बाकी कथा तीच. तुमची अख्खी गाडी एका सीलच्या भरवशावर वर असते. आणि ते रबर नागपूरच्या उन्हात, बंद गाडीच्या डिकीत उन्हाळ्यांमागून उन्हाळे भाजून निघालेलं असतं. रबर तापून तापून कडक होतं, त्याला बारीक चिरा जातात. मग जॅक गाडी उचलतो तर झोकात, पण चहा पिऊन येईपर्यंत दोन बोटं खाली बसलेला असतो. तेलाचा जॅक कोसळतोच असं नाही, पण खचतो. खाली तुमची छाती असेल तर या दोन क्रियापदांत फार अंतर नाही. हाडं मोडायचीही गरज नसते. छातीवर एवढं वजन टेकलं की ती फुगू शकत नाही, श्वास घेता येत नाही, आणि ओरडायलाही श्वासच लागतो.

म्हणून स्टँड, उचललेली गाडी धरून ठेवणारा लोखंडी टेकू. काका त्याला घोडीच म्हणतात. इतवारीतल्या लोहा ओळीत मी ती जोडी घेतली तेव्हा काका बरोबर होते, आणि खरेदीला वेळ लागला तो त्यांच्यामुळे. त्यांनी दुकानदाराला एक स्टँड उलटा करायला लावला. तीन... नाही, चारही पायांच्या जोडावरून अंगठा फिरवला. वेल्डिंग अखंड आहे की ठिपक्यांनी भागवलंय, ते पाहिलं. मग मधली दांडी वर ओढून खटका दातात पडू दिला आणि त्याच दांडीवर तळव्यानं दोन रट्टे मारले. खटका दातात पूर्ण शिरतो की नुसता टोकावर टेकतो, हे त्यांना आवाजावरून कळत होतं.

"काका, घ्याचं हाय का तोडाचं हाय?" दुकानदार म्हणाला.

"आता तुटलं तं तुह्यं जाईल. घरी तुटलं तं याचं जाईल," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

हा अतिरेक वाटत असेल तर एक सांगतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या हत्यारांच्या दुकानसाखळीला आपले स्टँड लाखांच्या संख्येनं परत मागवावे लागले. काही स्टँडमध्ये गाडी किंचित हलली की खटका दातांवरून निसटत होता. बदली म्हणून लोकांना दुसऱ्या प्रकारचे स्टँड दिले, तर त्यातल्या काहींच्या वेल्डिंगमध्ये खोट निघाली आणि तेही परत मागवावे लागले. म्हणजे काकांनी अंगठ्यानं नि तळव्यानं जे दोन दोष शोधले, तेच दोन. आम्ही शेवटी खटक्याबरोबर आडवी पिनही घालता येते अशी जोडी घेतली. खटका निसटला तरी पिन धरते.

स्टँड ऐवजी विटा चालतील का, हा प्रश्न मला दर पावसाळ्याआधी कोणी ना कोणी विचारतो. नाही. आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या विटा भिंतीसाठी उत्तम, कारण भिंतीत वजन अख्ख्या विटेवर पसरलेलं असतं. गाडीच्या पत्र्याची कड विटेवर एका रेघेत टेकते. वीट वाकत नाही, दबत नाही, ती उभी असते किंवा तिचे तुकडे असतात. पोकळ सिमेंट ब्लॉक तर आणखी वाईट. "लाकूड बोलते," असं काका म्हणतात. दाब जास्त झाला की ते करकरतं, दबतं, तंतू फाटतात, माणसाला बाहेर यायला सवड देतं. त्यांच्याकडे रुळांखालच्या साल लाकडाच्या जुन्या स्लीपरचे कापलेले ठोकळे आहेत. दोन उभे, त्यावर दोन आडवे, असे चौकटीत रचले की त्यांच्यावर गाडी निर्धास्त बसते. विटा मात्र त्यांनी माझ्या पोर्चमधून स्वतः उचलून कुंड्यांखाली नेऊन ठेवल्या.

आता जमीन. या विषयावर पुस्तकं 'सपाट आणि टणक जागा निवडा' असं एक वाक्य लिहून पुढे जातात. त्यांनी नागपुरातलं घर पाहिलेलं नसावं. गेल्या काही वर्षांत आमचे रस्ते सिमेंटचे झाले आणि जुन्या रस्त्यावरच थर चढत गेल्यानं बऱ्याच ठिकाणी घरांपेक्षा उंच झाले. फाटकापासून रस्त्यापर्यंत प्रत्येकानं आपापली रॅम्प बांधली. सावली हवी म्हणून गाडी कडुलिंबाखाली, आणि कडुलिंब फाटकाबाहेर, म्हणजे गाडी रॅम्पवर. तिथेच जॅक लावलेला मी पाहिला आहे, पुढची चाकं खाली घराकडे, मागची वर रस्त्याकडे. पोर्चही सपाट नसतो. पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून त्याला बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असतो, डोळ्यांना तो दिसत नाही. तांब्याभर पाणी ओता आणि कुठे धावतं ते बघा. मी दर वेळी ओततो. ज्या बाजूला पाणी जातं, त्या बाजूच्या चाकांना अडवणारे लाकडी गुटके आधी.

त्यात पुन्हा गट्टू, म्हणजे फरशीसारखे बसवायचे सिमेंटचे ठोकळे. अंगणात गट्टू बसवले की अंगण छान दिसतं, पण खाली आपली काळी माती. ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते, पावसात फुगते, आणि गट्टू कुठे उचलले जातात, कुठे बसतात. जॅकचं सगळं वजन एका गट्टूवर आलं की तो एका अंगानं खाली जातो, त्याबरोबर जॅक कलतो. मेमध्ये डांबरी रस्त्याचंही तेच, मऊ डांबरात जॅकचं बूड रुततं. उपाय साधा आहे, खाली जाड प्लायवुडचा रुंद तुकडा. ट्रॉली जॅकला त्याची आणखी एका कारणानं गरज असते. त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. म्हणजे गाडी वर जाताना जॅकला आपल्या चाकांवर थोडं सरकावंच लागतं. त्याची लोखंडी चाकं गट्टूंच्या फटीत अडकली, किंवा खाली रेतीचा खडा आला, की जॅक सरकत नाही आणि त्याच्याऐवजी गाडी ओढली जाते. लोक जॅकच्याच चाकांना दगड लावतात, 'हलू नये' म्हणून. त्याला मोकळं सोडा, अडवायचं ते गाडीला.

गाडीला अडवण्याचा भाग मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटतो, कारण इथे जवळजवळ प्रत्येकाचा समज अर्धाच बरोबर असतो. 'गिअरमध्ये टाकली आहे, हँडब्रेक ओढला आहे' असं म्हणून माणूस निश्चिंत होतो. पण हँडब्रेक बहुतेक छोट्या गाड्यांत फक्त मागच्या चाकांना धरतो, आणि गिअर धरतो ती इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं, म्हणजे आपल्या बहुतेक गाड्यांत पुढची. आता पुढचं एकच चाक उचला. गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे. पुढचं दुसरं चाक जमिनीवर आहे, ते तर धरेल ना? नाही धरत. दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शिअल असतं, ज्याचं काम मुळी वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणं हेच. एक चाक हवेत मोकळं झालं की जमिनीवरचं चाक एका दिशेनं फिरतं, हवेतलं उलट दिशेनं, आणि इंजिन जागचं हलतही नाही. म्हणजे गिअर लागलेला असूनही पुढून काहीच धरलेलं नाही. ऑटोमॅटिक गाडीतल्या 'पी' चंही हेच. पटत नसेल तर स्टँडवर नीट बसवलेल्या गाडीचं एक उचललेलं चाक हातानं फिरवा आणि पलीकडचं बघा.

मागची बाजू उचलली तर पारडं उलटं होतं. दोन्ही मागची चाकं वर असतील तर हँडब्रेक नुसता हवेतल्या चाकांना आवळून बसलेला असतो. आणि मागच्या ब्रेकचा ड्रम उघडायचा असेल तर हँडब्रेक सोडावाच लागतो, नाहीतर ड्रम निघत नाही. तिथे गिअर कामाचा, कारण पुढची दोन्ही चाकं जमिनीवर. प्रत्येक वेळी हा हिशेब मांडण्यापेक्षा जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून दोन्हीकडून लाकडी गुटके ठोकून बसवणं सोपं. दगड नको, दगड गोल असतो, चाक त्याच्यावरून चढतं किंवा त्याला ढकलत नेतं. एका पायावर उभं राहून चपलेतला खडा काढणारा माणूस आधी भिंतीला हात टेकतो, गाडीलाही तो हात लागतो, इतकंच.

जॅक नेमका कुठे लावायचा? दाराखालच्या पत्र्याची जी उभी कड खाली लोंबते, तिच्यावर पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे दोन-दोन खाचा असतात. दोन खाचांमधली जागा आतून मजबूत केलेली असते. डिकीतल्या जॅकच्या डोक्याला जी फट असते ती या कडेसाठीच. ट्रॉली जॅकच्या सपाट थाळीवर ही कड ठेवली तर ती दुमडते, म्हणून मध्ये रबराचा जाड तुकडा हवा, त्याला मध्यभागी खाच पाडलेली. काकांनी मला खाणीतल्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा दिला, दोन बोटं जाड, आत कापडाचे थर.  ऑइल चेंबर, गिअरबॉक्स, मधला नुसता पत्रा, इथे जॅक लावायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घाई झाली की जॅक जिथे पोचेल तिथे लावला जातो.

एक जास्तीची सूचना आपल्या गावापुरती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्तीत शिरली आणि कित्येक गाड्या खिडकीपर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. इंजिनं सुरू झाली, सीटा वाळल्या, काही गाड्या विकल्याही गेल्या. पण दाराखालच्या त्या पोकळ पट्टीत गाळ बसला असेल आणि पाणी निथळायची भोकं बुजली असतील, तर पत्रा आतून गंजत जातो. वरून रंग चकचकीत असतो. सेकंडहँड गाडी असेल तर जॅक लावण्याआधी त्या कडेवर पेचकसाच्या मुठीनं ठोका मारून पाहावा. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो, आणि कधी मूठ आतच जाते.

आणि इथे खरा पेच येतो, जो व्हिडिओत कधी दिसत नाही. जॅकची जागा आणि स्टँडची जागा एकच असते. मजबूत जागेवर जॅक बसला, गाडी वर गेली, आता स्टँड कुठे ठेवणार? हा पेच न सुटल्यामुळेच स्टँड विकत घेतलेली माणसंही शेवटी स्टँड पत्र्याला कुठेतरी टेकवून खाली शिरतात. सुटतो तो दोन तऱ्हांनी. एक, जॅक मधोमध लावायचा, पुढच्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे गाडीखालच्या आडव्या जाड पट्टीवर, किंवा कंपनीनं सांगितलेल्या मधल्या बिंदूवर. पुढची दोन्ही चाकं एकदम उचलायची आणि दोन्हीकडच्या खाचांखाली स्टँड सरकवायचे. ही जागा प्रत्येक गाडीत वेगळी, गाडीच्या पुस्तकात बघावी, नसेल तर ज्या मिस्त्रीकडे ती गाडी रोज चढते त्याला विचारावं. दुसरी, जॅक खाचेवर आणि स्टँड आत थोडा सरकवून, सस्पेन्शनचा हात जिथे चेसिसला बोल्टनं जोडलेला असतो त्या जाड जागेखाली. तिसरी तऱ्हा म्हणजे 'थोडा वेळच तर आहे' म्हणणं.

स्टँड दोन्हीकडे एकाच दातावर हवेत. उंची लागेल तेवढीच, एका इंचानंही जास्त नको. जॅकचा वॉल्व्ह अगदी किंचित फिरवून गाडी स्टँडवर हळू बसू द्यायची, मग जॅक पुन्हा नुसता टेकेल इतका वर करून तिथेच राहू द्यायचा. काढलेलं चाक उभं टेकवून न ठेवता आडवं, दाराखालच्या पट्टीखाली सरकवायचं. काहीही झालं तरी गाडी आणि जमीन यांच्यामध्ये टायरच्या जाडीइतकी जागा उरते, तेवढ्यात माणूस वाचतो. हे सगळं झालं की बंपरला दोन्ही हात लावून गाडी हलवायची. नुसतं टेकून बघणं नव्हे, खांदा लावून हलवायची. पडायचीच असेल तर आत्ता पडू दे, खाली कोणी नसताना. आमच्या घरी या वेळी आई भाजी निवडायची थांबते.

आणि खाली शिरण्याआधी वाकून बघायचं. मे-जूनमध्ये गाडीखालची सावली कुत्र्यांची असते, मांजरींचीही.

रस्त्यावर चाक बदलण्याबद्दल फार लिहीत नाही. तिथे खाली शिरायचं नसतं, त्यामुळे कैचीचा जॅक पुरतो. नट मात्र चाक जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करायचे, उचलल्यावर जोर लावला की गाडी जॅकवर डुलते. समृद्धी महामार्गासारख्या ठिकाणी, जिथे वेगाची मर्यादाच १२० आहे, रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून चाक बदलणं शहाणपणाचं नाही. सगळ्यांनी कठड्यापलीकडे जायचं आणि मदतीला बोलवायचं.

खाली उतरवताना घाई सगळ्यांना असते, काम झालेलं असतं, अंगाला ग्रीस, पोटात भूक. तेव्हाच हत्यारं मोजायची, चाक बसवून नट हातानं फिरवून टेकवायचे, गाडी जॅकवर जराशी उचलून मग स्टँड काढायचे, हात स्टँडच्या बाजूला ठेवून, डोक्यावर नाही. चाकं जमिनीला लागली की नट समोरासमोर, आलटून पालटून आवळायचे, गोल गोल नाही. पन्नास-शंभर किलोमीटर चालली की पुन्हा एकदा पाना लावून बघायचे. पान्यावर उभं राहून उड्या मारणारे असतात, त्यांच्या नटांचे आटे पुढच्या पंक्चरला कोणालाच सुटत नाहीत.

स्टँडची ती जोडी आता लेआउटभर फिरत असते. मागायला येणारा स्टँड मागतो, गुटक्यांचं नाव कोणी काढत नाही. म्हणून स्टँड, गुटके, प्लायवुडचा तुकडा आणि तो बेल्टचा रबर, सगळं एकाच गोणीत बांधून ठेवलं आहे, न्यायचं तर अख्खी गोणी न्या. मागच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा घेऊन गेला होता. संध्याकाळी परत आणून देताना मला म्हणाला, "काका, एक गुटका चिरला जी, गाडी जराशी मागं आली होती." त्याला बाभळीचा दुसरा कापून आणायला आरा मशीनवर पाठवलं आहे.